दिवस बुडायची वेळ

"चपला बाहेर. हात धुऊन ये. आणि आत आल्यावर मोठ्यानं बोलायचं नाही."

हा आवाज पटवेगार मॅडमचा. मी दारात उभी होते, एक चप्पल पायात, एक हातात. अकरावीचा पहिलाच आठवडा. मला क्षणभर वाटलं, आपण चुकून बस्तीत आलो. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. कृष्णाकाठच्या आमच्या गावांत तसंच म्हणतात. तिथंही हेच नियम होते, याच क्रमानं. फक्त तिथं गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची शांत मूर्ती बसलेली असे, आणि इथं जाड पडद्यांआड, गार अंधारात, तीन कॉम्प्युटर बसले होते. प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या कापडाचा अभ्रा.

मॅडमनी एकावरचा अभ्रा काढला, घडी घातली, बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पडदा आधी काळाच राहिला. मग एका कोपऱ्यात बारीकशी पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

"ही काय करतीय?" माझ्या शेजारच्या प्रतिमा खोतनं कुजबुजत विचारलं.

"वाट बघतेय," मॅडम म्हणाल्या. "तू काहीतरी सांगशील म्हणून."

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी सामायिकाला बसले. सामायिक म्हणजे डोळे मिटून, मन एका जागी ठेवून थोडा वेळ बसणं. मिटल्या डोळ्यांपुढं तीच रेघ. येत होती, जात होती. वाट बघत होती. मी तिला णमोकार मंत्र सांगितला. दुसरं काही मला तेव्हा येत नव्हतं.

बारावीपर्यंत बरंच यायला लागलं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटर सायन्स घेता यायचं. घेणाऱ्या मुली आम्ही दोघीच, मी आणि प्रतिमा. यंत्रं तीन आणि पोरं वर्गभर, त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला कळफलक यायचा तो हळदीकुंकवाच्या बोटाएवढा. म्हणून आम्ही प्रोग्राम आधी कागदावर लिहायचो आणि मनातल्या मनात चालवून बघायचो. मॅडम म्हणायच्या, "तू यंत्र हो. एकेक ओळ वाच आणि तेवढंच कर. त्यात नसलेलं काही करायचं नाही, असलेलं काही सोडायचं नाही." मला ते अवघड गेलं नाही. नेमधर्म पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला ओळीनं चालायची सवय असते. उसाच्या पाटात पाय सोडून बसावं, आणि मनात पाण्यासारख्या ओळी सरकत जाव्यात, एकीतून दुसरी, फिरून परत पहिलीकडं. कधी कधी हाका मारून आई दमायची.

दिवाळीनंतर मॅडमनी सांगितलं, "प्रत्येकानं एक प्रोग्राम आपल्या मनानं लिहायचा. पुस्तकातला नको. तुमच्या घरात ज्याचा उपयोग होईल असा."

पोरांनी उसाच्या टनांचे हिशोब घेतले, प्रतिमानं दूध डेअरीचा घेतला. मी म्हटलं, "मॅडम, दिवस कधी बुडतो, ते."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"का बरं?"

"आम्ही दिवस बुडाल्यावर जेवत नाही. पाणीसुद्धा नाही."

"मग तर उपयोगाचा आहे," त्या म्हणाल्या, आणि का कोण जाणे, खिडकीच्या पडद्याच्या फटीतून बाहेर बघत राहिल्या.

*

घरी मात्र वेगळीच चर्चा चालली होती. एकोणीसशे नव्याण्णव संपत आलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी सोसायटीतून आले की ओसरीवर बसून मला चिडवायचे.

"काय गं त्रिशला, एक तारखेला तुमची समदी यंत्रं झोपणार म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"पेपरात हाय. साल बदललं की त्यास्नी कळायचंच न्हाई. शंभर वर्सं मागं जाणार. मग तू पुण्याला जाऊन काय शिकणार? इंग्रजांचं राज्य?"

आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या मनातलं वेगळंच होतं, ते त्यांनी त्या दिवशी बोलून टाकलं.

"डी.एड. कर. जवळच हाय. सकाळी जाशील, दिवस असताना घरला येशील, आईच्या हातचं खाशील. पुण्याच्या होस्टेलात रात्री आठला ताट लागतंय. मी चौकशी केलीया. मग? उपाशी निजणार का नेम मोडणार?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान. तो त्यांना ऐकू गेला की नाही, कळलं नाही.

"सातवीत असताना मुनिमहाराजांच्या पुढं हात जोडून नेम घेतलास. मी घे म्हटलं न्हवतं. आई म्हटली न्हवती. तू आपली उठून उभारलीस. आता तू घेतलास, ते राखायचं माझ्याकडं आलं. आठ वाजता ताट लागणाऱ्या जागी मी तुला सोडू कशी?"

 माझ्याकडं जे होतं ते मी सांगितलं. "मी कॉम्प्युटरला दिवस बुडायची वेळ शिकवतेय, अण्णा."

"त्यात काय शिकवायचं? पंचांगात असतीया."

"पंचांगातली वेळ मुंबईची. आपल्या बांधावरची नाही. आपला सूर्य जरा आधी जातो."

आपल्या बांधावरची, हे ऐकून ते जरा पुढं सरकले. दिवाळी झाल्यापासून दर रविवारी मी त्यांचं घड्याळ मागून घेत होते, आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप-पिप ठोक्यांवर जुळवत होते आणि मळ्याच्या बांधावर जाऊन उभी राहत होते, ते कशासाठी हे त्यांना आत्ता उमगलं. त्यांना वाटत होतं मी जाप करायला जाते.

"म्हणजे झालेलं सांगणार. उद्याचं सांगतंय का?"

"सांगेल. आधी कसा सरकला त्यावरून पुढं कसा सरकेल ते काढता येतं."

अण्णांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. ते काही ठरवायचं असलं की असं करत.

"बरं. मग एक तारखेचं सांग. साल बदलल्यावरचं. तुझं यंत्र जितं ऱ्हायलं आणि बांधावर वेळ जुळली, तर पुण्याला धाडतो. जेवणाचं मी बघतो. शब्द हाय."

"आणि न्हाई जुळली तर?" आईनं आतून विचारलं.

"तर डी.एड.," अण्णा म्हणाले, आणि टोपी घातली.

*

त्या वर्षी रमजान डिसेंबरात आला होता.

पटवेगार मॅडम मिरजेच्या. रोज तिथून यायच्या. दुपारभर वीज नसायची, त्यामुळं आमची प्रॅक्टिकल संध्याकाळवर जायची. पोरं सायकलींवरून पांगायची, प्रतिमाला तिचा भाऊ न्यायला यायचा, आणि माझी यष्टी शेवटची असल्यामुळं मी मागं राहायची. मॅडमची गाडी त्याच्याही नंतर. कॉलेज गावाबाहेर, चहूकडं ऊस. डिसेंबरात उसाला तुरे येतात. मावळत्या उन्हात ते रुपेरी तुरे हलायला लागले की वाटायचं, कॉलेज जमिनीवर नाही, कुठल्या तरी शांत पाण्यावर तरंगतंय. लांबून गुऱ्हाळाचा गोड धूर यायचा.

मी पायरीवर बसून डबा उघडायची. चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. पहिल्या दिवशी मॅडम शेजारी येऊन बसल्या, आणि माझा घास हातातच राहिला. त्यांनी पहाटेपासून पाणीही घेतलं नव्हतं.

"जेव गं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबलीस तर तुझं राहील."

"तुमच्यापुढं कसं खाऊ?"

"अगं, तुझं दार मिटतं तेव्हा माझं उघडतं. दोघींना एकच सूर्य पुरतोय. जेव."

मी तोंड फिरवून जेवले. मग त्या हसल्या आणि त्यांनीही तोंड फिरवलं, मला बरं वाटावं म्हणून. थोड्या वेळानं सूर्य उसात उतरायचा. गावातल्या मशिदीतून बांग यायची, वाऱ्यावर तुटत तुटत. मग त्या पिशवीतून खजूर काढायच्या. एक तोंडात टाकायच्या आणि एक माझ्या हातावर ठेवायच्या.

"सकाळी खा. देवदर्शन झाल्यावर."

"तुम्हाला कसं माहीत, मी दर्शनाआधी खात नाही?"

"तुझ्या कपाळाला रोज पाण्याचा डाग असतो, गंधाचा. सकाळी वर्गात पहिली येतेस तेव्हा ओला असतो."

ते गंधोदक. मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी. मला वाटायचं ते कुणाला दिसत नाही.

तो खजूर मी रुमालात बांधून न्यायची, आणि सकाळी बस्तीच्या पायऱ्या उतरल्यावर खायची. महिनाभर त्या मला खायला देत राहिल्या, आणि एकदाही आम्ही दोघी एका वेळी जेवू शकलो नाही. तेव्हा हे मनात आलं नव्हतं. आता संध्याकाळी खिडकीत उभी राहून शेवटचं पाणी पिते, तेव्हा येतं.

*

डिसेंबरचा शेवटचा दिवस. माझा प्रोग्राम पुरा झाला होता. अण्णांच्या घड्याळाशी मी कॉम्प्युटरचं घड्याळ जुळवलेलं, आणि त्या दिवसाची वेळ झाली की पडद्यावर आपोआप अक्षरं उमटावीत अशी सोय केलेली. मॅडमना म्हटलं, "आज जुळतंय का बघूया?"

"बघूया. आज मलाही त्याचीच गरज आहे," त्या म्हणाल्या. गावातली वीज गेली होती, म्हणजे मशिदीचा भोंगा मुका. कॉलेजचा जनरेटर दारामागं असा धडधडत होता की बांग आली असती तरी ऐकू आली नसती. बाहेर पायरीवर बसायचं तर तिथून शिपाईमामा सगळ्यांना हाकलत होते. शिवाय लॅबचे पडदे धुळीसाठी कायम ओढलेले. आत बसलं की दिवस की रात्र, कळायचं नाही. निळसर उजेडात आम्ही दोघी आणि ती लुकलुकणारी रेघ.

मी डबा मघाशीच संपवला होता. हात धुतले होते. मॅडमनी टेबलावर रुमाल पसरून खजूर ठेवले, पेल्यात पाणी ओतलं. ते पाणी माझ्या बाटलीतलं, आईनं कापडातून गाळून दिलेलं. त्यांचं संपलं होतं.

"गाळलेलं आहे," मी म्हटलं.

"मग आज रोजा जास्तच स्वच्छ सुटेल," त्या म्हणाल्या.

आम्ही वाट बघत बसलो. मी अशी वाट पूर्वी कधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. रेघ येत होती, जात होती. आणि एकाएकी पडद्यावर, माझ्या हातानं बसवलेल्या रोमन अक्षरांत, एका ओळीत उमटलं, 'दिवस बुडाला'.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मॅडमनी ओढणी डोक्यावर घेतली, ओठांत काहीतरी म्हणायला लागल्या, आणि त्यांचा हात खजुराकडं गेला.

मी उठून दार उघडलं. कशासाठी, सांगता येत नाही. चपला घ्यायला असेल. किंवा सवयीनं, दिवस बुडाला की आई दारात जाऊन पश्चिमेला हात जोडते, तसं. दार उघडलं आणि समोरच्या सायकल स्टँडच्या भिंतीवर ऊन होतं. तांबडं, जाड, जिवंत ऊन. उसाच्या तुऱ्यांवर सूर्य अख्खाच्या अख्खा बसला होता.

"मॅडम, थांबा!"

हा आवाज माझा होता. पोरं म्हणायची, त्रिशलाशी बोलायचं तर कान तिच्या तोंडाला लावावा लागतो. शिपाईमामा व्हरांड्याच्या टोकाशी होते. ते वळून बघायला लागले. आत मॅडमचा हात तोंडाशी येऊन थांबला होता.

"बुडाला नाही," मी म्हटलं. आता पुन्हा तोच लहान आवाज. "अजून आहे."

त्यांनी खजूर रुमालावर ठेवला. उठल्या, अनवाणीच दारात आल्या. आम्ही दोघी चौकटीला टेकून उभ्या राहिलो. सूर्य उतरत होता, त्याच्या सवडीनं. तुऱ्यांत शिरला, अर्धा झाला, मग नुसती एक तांबडी कड उरली, आणि ती कड उसानं आत ओढून घेतली.  मग मॅडम आत जाऊन बसल्या, पुन्हा ओठांत तेच म्हटलं, खजूर घेतला, आणि आईनं गाळलेलं पाणी प्यायल्या. 

"कुठं चुकलं?" मी विचारलं. माझे डोळे भरून आले होते. उद्या एक तारीख होती.

"प्रोग्राम काढ. वाच. यंत्र होऊन वाच."

मी एकेक ओळ वाचत गेले. वेळा बरोबर. सरकणं बरोबर. बेरीज, भागाकार बरोबर. शेवटी एक ओळ होती, आलेल्या वेळेतून पाच मिनिटं वजा करणारी.

"ही कुणी सांगितली?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही. आमच्यात असंच..." मी थांबले. आमच्या घरी सूर्य तुऱ्यांच्या वर हातभर असतानाच आई 'दिवस बुडाला' म्हणते. ताटं उचलली जातात. खरा दिवस नंतर बुडतो. पण तो आमचा नसतो, तो कावळ्यांचा आणि बैलांचा. जन्मल्यापासून दिवस बुडतो तो आईच्या तोंडून. मी ती ओळ लिहिताना थांबलेसुद्धा नव्हते. "जपून," मी म्हटलं. "चुकून उशीर होऊ नये म्हणून."

मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"यंत्राचं काही चुकलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तू त्याला तुझं घर सांगितलंस. माझं सांगितलं नाहीस. तुला राखायला जी पाच मिनिटं हवीत, तीच माझा अख्खा दिवस बुडवतात."

"काढून टाकते ओळ."

"आणि मग तुझ्या घरचं काय?"

 बाहेर जनरेटर धडधडत होता. यष्टीची वेळ जवळ येत होती. त्या उठून माझ्यामागं उभ्या राहिल्या आणि खांद्यावर हात ठेवला.

"एकच उत्तर द्यायला तुला कुणी सांगितलंय?"

मग मी ती ओळ काढली नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली. दोन रकाने केले. मिनिटाचा अपूर्णांक उरला तर पहिल्या रकान्यात तो सोडून द्यायचा, दुसऱ्यात पुढचं मिनिट धरायचं. पहिला संपवणाऱ्यांसाठी, दुसरा सुरू करणाऱ्यांसाठी. प्रिंटर किरकिरत चालला. मला आजही तो आवाज रातकिड्यांसारखा आठवतो. कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद, त्यावर येणाऱ्या सगळ्या संध्याकाळी. मी त्यातली पहिली संध्याकाळ फाडून घेतली.

*

एक तारखेला यंत्रं झोपली नाहीत. गावात गिरणी चालू होती, रेडिओ चालू होता, सोसायटीचा फोनही. अण्णांनी हे सगळं सकाळीच हिंडून बघितलं होतं. बस्तीत पूजेला गर्दी होती.

दुपार कलल्यावर आईनं लवकर ताटं वाढली. मग अण्णा आणि मी मळ्याकडं निघालो. थंडी पडायला लागली होती. पाटाच्या पाण्यावर धुराचा पातळ पदर. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं आणि हात पुढं केला.

"आण तुझा कागद."

त्यांनी तो लांब धरून वाचला. "हे काय? साल शून्य शून्य?"

"दोनच आकडे ठेवलेत, अण्णा. सूर्याला साल लागत नाही."

"ते खरं हाय," ते म्हणाले. मग पुन्हा वाचलं. "आणि ह्या दोन वेळा कशाच्या? येक सांगायची का दोन? दोन दगडं मारून येक लागला तर मी धरणार न्हाई हां."

"बघा तर आधी."

आम्ही बांधावर उभे राहिलो. पहिली वेळ झाली. सूर्य तुऱ्यांवर हातभर होता. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट, ते जरा उतरलेच.

"अजून हाय की गं."

"ही आईची वेळ," मी म्हटलं. "आई आत्ता दिवस बुडाला म्हणत असेल. घरी ताटं उचलली असतील."

त्यांनी मागं वळून घराकडं बघितलं, जणू तिथून दिसणार होतं. मग हळूहळू मान हलवली. "व्हय. आत्ताच म्हणती ती." थोडं थांबून म्हणाले, "आणि दुसरी?"

"मॅडमची."

"त्या कशाला दिवस बुडायची वाट बघत्यात?"

"त्यांचा रोजा आहे. दिवसभर पाणी घेत नाहीत. दिवस खराच बुडल्याशिवाय त्यांना चालत नाही. काल माझ्या पाच मिनिटांनी त्यांचा मोडणार होता."

 मला वाटलं, मी आता पुणं हरले. अण्णा कागद बघत राहिले, मग सूर्य, मग घड्याळ. ऊस तांबडा झाला. मग तुऱ्यांत तो उतरायला लागला, कालच्यासारखाच, सावकाश. कड उरली.  कड गेली.

काटा अजून कागदावरच्या मिनिटापाशी पोचला नव्हता. अण्णा घड्याळावरून नजर हलवीनात. काटा सरकला, मिनिट भरलं, आणि त्याच क्षणी नदीपलीकडच्या गावातून बांग आली. आज तिकडं वीज होती. पाण्यावरून येताना ती लांबट आणि मऊ होऊन आली, आणि उसावरून आमच्यापर्यंत पोचली.

अण्णांनी घड्याळ असलेला हात खाली घेतला. बांग संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

"म्हंजे त्या बाई आत्ता पाणी पेत असतील," ते म्हणाले.

"हो."

"आपली ताटं उचलली, आणि त्यांची मांडली."

"हो."

परतताना अंधार पडत होता. अण्णा पुढं, मी मागं. पाटापाशी ते थांबले, माझ्याकडं न बघता विचारलं, "पुण्याच्या होस्टेलात तुला दिवस असताना कोण वाढणार, हे तुझं यंत्र सांगतंय का?"

"नाही, अण्णा."

"न्हाईच सांगायचं," ते म्हणाले आणि चालायला लागले.  कागद त्यांनी चौघडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला होता, तो मला परत दिला नाही. मीही मागितला नाही. त्या रात्री मी जाप करायला बसले, आणि मणी ओढता ओढता पुन्हा पुन्हा तीच शंका: वेळ जुळली, असं ते म्हणाले का? म्हणाले नव्हते.

*

सकाळी मी बस्तीतून आले तेव्हा अण्णा ओसरीवर होते. पांढरं धोतर, लग्नाकार्याला घालायचा काळा कोट, टोपी. त्यांचं दर्शन माझ्याआधीच झालं होतं. कपाळ ओलं होतं. आई दारात हातात पाण्याची बाटली घेऊन उभी. गाळलेल्या पाण्यात अजून बुडबुडे फिरत होते.

"अहो, कुठं निघालासा एवढं नटून?"

"पुण्याला."

"पुण्याला? अजून पोरीची परीक्षा हाय, निकाल हाय. आत्ताच काय?"

"परीक्षा तिची. जेवणाचं माझं." त्यांनी बाटली घेऊन पिशवीत ठेवली. मी बघितलं, पिशवीत दशम्या होत्या, फडक्यात बांधलेल्या. उजेडी खाऊन होतील एवढ्याच.

"पण करणार काय तिथं जाऊन?"

अण्णांनी खिशावरून हात फिरवला. आत कागद होता, त्याची घडी दिसत होती.

"होस्टेलाच्या आचाऱ्याला भेटतो. आणि संध्याकाळी तिथल्या गच्चीवर जरा उभारतो," ते म्हणाले. "तिथं दिवस किती वाजता बुडतोय, ते एकदा बघून येतो."

माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि धुक्यातून, उसाच्या कडेकडेनं, यष्टीच्या थांब्याकडं चालायला लागले.